ट्रॅक डेसाठी रस्त्यावरचे टायर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक डे म्हणजे आपलीच गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस. ही उत्तरं मुख्यतः १५० ते ४०० सीसीच्या मोटरसायकलींसाठी आहेत, कारण प्रश्न पाठवणाऱ्या बहुतेकांकडे आर१५, ड्यूक, आरसी किंवा अपाचे आरआर ३१० असते. पुण्या-मुंबईहून निघून चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला, कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किंवा पुण्याजवळच्या नानोलीला जाणारी ही मंडळी. कारवाल्यांसाठी शेवटी एक वेगळा प्रश्न आहे. एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी लिहिणं टाळलंय, म्हणून मध्येमध्ये 'अमुक प्रश्न पाहा' असं दिसेल.

१. पहिल्यांदाच ट्रॅक डेला जातोय. कंपनीने दिलेले टायर चालतील की नवे घ्यावेच लागतील?

चालतील. टायर चांगल्या स्थितीत असतील तर पहिल्या ट्रॅक डेसाठी एक रुपयाही खर्च करू नका. पहिल्या दिवशी तुमची नजर, ब्रेक मारण्याची जागा आणि थ्रॉटलवरचा हात हेच कमी पडतात. टायरची मर्यादा त्यानंतर बऱ्याच उशिरा येते. चिकट टायरचा तोटा असा की तो तुमच्या चुका पोटात घालतो, आणि मग चूक झाली हे कळतच नाही.

'चांगल्या स्थितीत' म्हणजे काय? खाचांमध्ये अर्ध्याहून जास्त खोली शिल्लक, साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) चीर किंवा फुगवटा नाही, पंक्चर काढलेलं नाही (प्रश्न १३), आणि मधला पट्टा चपटा झालेला नाही. दुचाकीसाठी कायद्याने किमान खोली ०.८ मिमी आहे, पण ती रस्त्यावरची शेवटची रेघ. तेवढ्यावर ट्रॅकवर उतरलात तर संध्याकाळी टायर गोटा होऊन परत येईल. वाचलेल्या पैशातून चांगलं प्रेशर गेज घ्या (प्रश्न ६).

२. टायरवर एवढं काय काय छापलेलं असतं, त्यातलं नेमकं काय बघू?

११०/७० झेडआर१७ ५४डब्ल्यू हे उदाहरण घेऊ. ११० म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, झेड ही २४० किमी प्रतितासाच्या वरच्या वेगाची खूण, आर म्हणजे रेडियल (टायरच्या अंतर्रचनेचा प्रकार), १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात. ५४ हा वजनाचा संकेतांक, २१२ किलोपर्यंत. शेवटचं अक्षर वेगाचं: एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी प्रतितास. गाडीचा टॉप स्पीड १७० असला तरी डब्ल्यूचा टायर वाया जात नाही, कारण वरच्या रेटिंगच्या टायरची अंतर्रचना उष्णता सहन करायलाच केलेली असते.

मग चार आकड्यांची तारीख शोधा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानदार 'सर, कालच माल आलाय' म्हणतो तेव्हा खाली वाकून हे चार आकडे वाचायचे. माल काल आला असेल, पण टायर तीन वर्षांपूर्वी बनलेला असू शकतो. आयएसआयची खूणही बघून घ्या.

३. स्पोर्ट टूरिंग, स्पोर्ट, हायपरस्पोर्ट, ट्रॅकचे टायर... माझ्यासाठी कुठला?

आधी स्वतःला विचारा: हा टायर वर्षातले किती दिवस ट्रॅकवर असेल आणि किती दिवस ऑफिसच्या पार्किंगमध्ये? रोज गाडी वापरून वर्षाकाठी एक-दोन ट्रॅक डे करणाऱ्याला चांगला स्पोर्ट टायर पुरतो. ११०/७० आणि १५०/६० या मापांत पिरेली डायब्लो रोसो ४, अपोलो अल्फा एच१, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क एक्स्ट्रीम, एमआरएफ स्टील ब्रेस असे पर्याय मिळतात. यातले देशी टायर 'त्यातल्या त्यात बरे' या सदरात मोडत नाहीत. मध्यम अनुभवाच्या रायडरला त्यांची ग्रिप संपवायला बराच काळ लागतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे रस्त्यासाठी मान्यता असलेले पण ट्रॅककडे झुकलेले टायर. मिशलिन पॉवर जीपी कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा रस्ता, निम्मा ट्रॅक यासाठी आहे. पिरेलीच्या डायब्लो सुपरकोर्सामध्ये एसपी रस्त्यासाठीही आहे, एससी ट्रॅकसाठी. हे टायर प्रामुख्याने मोठ्या गाड्यांच्या मापात येतात. त्यांच्यावर खाचा कमी, रबर मऊ. जुलैतल्या सकाळी ताम्हिणीत थंड, ओल्या रस्त्यावर ते तुमच्याशी ट्रॅकवरच्यासारखे वागणार नाहीत.

४. परदेशी टायर इतके महाग का झालेत, आणि हवं ते माप का मिळत नाही?

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' गटात टाकली. तेव्हापासून आणायला परवाना लागतो. त्यामुळे माल तुटक येतो, आणि मागणी कमी असलेली मापं सगळ्यात आधी गायब होतात. ट्रॅक डेची तारीख पक्की झाली की टायरचा शोध लगेच सुरू करा. ऐन वेळी जे मिळेल ते, जुन्या तारखेचं, घेण्यापेक्षा ताजा देशी टायर कधीही चांगला.

५. हवा किती ठेवू? (हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो.)

एक आकडा सांगून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. महत्त्वाचं असतं ते गरम टायरचं प्रेशर. थंड प्रेशर ही तिथे पोहोचायची सुरुवात आहे.

टायरमधली हवा तापली की प्रेशर वाढतं. ३० पीएसआयच्या आसपास दर १० अंश सेल्सिअसला साधारण दीड पीएसआय, असा हिशेब धरा. सकाळी ३० अंशांवर भरलेली हवा ट्रॅकवर ६० अंशांपर्यंत गेली, तर चार-साडेचार पीएसआय वाढले. म्हणजे मॅन्युअलप्रमाणे २९ ठेवून गेलेला टायर ३३-३४ वर फिरतोय. टायर टणक होतो, जमिनीला टेकणारा भाग आक्रसतो आणि गाडी वळणात घसरत असल्यासारखी वाटते.

म्हणून पद्धत अशी. मॅन्युअलमधल्या एकट्या रायडरच्या आकड्यापेक्षा दोन पीएसआय कमी ठेवून पहिलं सेशन (ट्रॅकवरची एक पाळी) करा. चेकर्ड फ्लॅग (सेशन संपल्याचा झेंडा) मिळाला की निवांत फिरत परत येतात, तेवढ्यात टायर गार होऊ लागतो. म्हणून पिटमध्ये (ट्रॅकबाहेर गाडी उभी करायच्या जागी) स्टँड लावल्या लावल्या, हेल्मेट काढायच्या आधी, प्रेशर मोजा. १५०-१८० किलोच्या गाडीवर स्पोर्ट टायरसाठी पुढे ३० ते ३२ आणि मागे २९ ते ३१, गरम असताना, हे सुरुवातीला ठीक लक्ष्य आहे. टायर बनवणाऱ्याने ट्रॅकसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो अंतिम.

किती वाढलं, यावरूनही बरंच कळतं. दोनच पीएसआय वाढलं तर टायर कामच करत नाहीये: हवा जास्त आहे किंवा तुमचा वेग अजून कमी आहे. सात-आठ वाढलं तर सुरुवातीला हवा फारच कमी होती. हे अनेकांना उलटं वाटतं. हवा कमी असली की टायर जास्त दुमडतो, जास्त दुमडला की जास्त तापतो, आणि प्रेशर आणखी चढतं. तेव्हा गरम प्रेशर खूप दिसलं म्हणून लगेच हवा सोडायची घाई नको. आधी किती वाढलंय ते बघा.

दर वेळी एकाच टायरमध्ये, एकच पीएसआय बदला आणि लिहून ठेवा: वेळ, हवामान, थंड आकडा, गरम आकडा. दुपारी गरम टायरमधून सोडलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये कमी दिसणार, हे विसरू नका.

६. पेट्रोल पंपावरचं मीटर चालत नाही का?

आकडा अचूक असण्यापेक्षा दर वेळी सारखा येणं महत्त्वाचं. पंपावरच्या मीटरला दिवसभर शेकडो गाड्या लागतात, पाइप आपटतो, आणि या पंपावरचा ३० त्या पंपावर ३३ असू शकतो. आपण इथे एकेका पीएसआयची चर्चा करतोय. स्वतःचं एकच गेज घ्या, शक्यतो हवा सोडायचं बटण असलेलं, आणि सगळीकडे तेच वापरा. शेजारच्या पिटमधल्या मित्राचा आकडा त्याच्या गेजचा आहे, तुमच्या नाही.

७. पुण्यात ३० भरलं होतं, चेन्नईला पोहोचल्यावर २९ दाखवतंय. हवा गळतेय का?

बहुधा नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतं. चेन्नईत बाहेरचा दाब जवळजवळ एक पीएसआयने जास्त, म्हणून तीच हवा एकने कमी दिसते. तापमान सारखं असेल तर. तिथलं ऊन त्यात आपली भर घालतंच, त्यामुळे कधीकधी दोन्ही एकमेकांना खाऊन आकडा तसाच राहतो. तात्पर्य, घरी सेट करून निघू नका. ट्रॅकवर, सावलीत, पहिल्या सेशनच्या आधी करा. गाडी एका बाजूने उन्हात उभी असेल तर सावलीत घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबा.

८. नायट्रोजन भरला की प्रेशर वाढत नाही म्हणतात. खरं का?

वाढतं. कोरडा नायट्रोजन आणि कोरडी हवा तापल्यावर जवळजवळ सारखंच वागतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो ओलाव्याने. कॉम्प्रेसरची टाकी कधी रिकामी न केलेल्या दुकानातली दमट हवा जरा जास्त अनिश्चित वागते. फुकट मिळत असेल तर भरा. ट्रॅकवर कमी-जास्त करताना साध्या पंपाने हवा भरलीत तरी काही बिघडत नाही.

९. नवे टायर टाकून थेट ट्रॅकवर गेलो तर?

नवा टायर चकचकीत आणि गुळगुळीत असतो. वरचा थर घासला जाईपर्यंत ग्रिप पूर्ण येत नाही, बीडही (टायरची रिममध्ये बसणारी कड) रिमवर नीट बसायला वेळ घेतं. शंभरेक किलोमीटर रस्त्यावर शांतपणे चालवून गेलात तर उत्तम. ते जमत नसेल तर पहिलं सेशन पूर्ण त्यालाच द्या: दर लॅपला थोडं थोडं जास्त झुकायचं, झुकलेलं असताना झटका द्यायचा नाही. सॅंडपेपर, पेट्रोल, थिनर काहीही लावू नका. डिटेलिंगवाल्याने टायरला चमक आणणारं पॉलिश लावलं असेल तर साबणाने खसखसून धुवा. आणि त्याला सांगून ठेवा.

१०. टायर वॉर्मर घ्यावेत का?

वॉर्मर म्हणजे ट्रॅकवर जाण्याआधी टायर तापवणारी विजेची कव्हरं. रस्त्याच्या टायरसाठी नाही. ते थंड असतानाही काम करावेत असेच बनवलेले असतात आणि एक-दोन लॅपमध्ये तयार होतात. तेवढे लॅप तुम्हालाही लागतात. जपून राहायचं ते कमी वापरल्या जाणाऱ्या बाजूला. बुद्धवर घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि १०-११ क्रमांकाचं ते लांबलचक उजवं वळण टायरचा उजवा खांदा (मधल्या पट्ट्यापासून कडेकडचा भाग) चांगला तापवतं. तेवढ्या वेळात डावा खांदा गार होत असतो. डिसेंबर-जानेवारीतल्या नोएडाच्या सकाळी सुरुवातीच्या डाव्या वळणांत हे लक्षात असू द्या.

११. सेशननंतर टायर बघून काय कळतं? सगळे वाकून बघतात, मला काहीच दिसत नाही.

खांद्यावर, म्हणजे मधल्या पट्ट्यापासून कडेकडे, बोट फिरवा. सगळं नीट असेल तर पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरसारखा एकसारखा खरखरीत लागतो आणि रंग मंद काळा असतो. कडेला रबराचे छोटे गोळे जमलेले असतील तर काळजी नको. तो झिजलेला माल आणि ट्रॅकवरून उचललेला कचरा आहे.

रबर फाटल्यासारखं दिसलं तर फट किती खोल आहे ते बघा. खोल, धारदार कडांची फट म्हणजे बहुतेक वेळा थंड फाटणं: वरचा थर तापला, आतला सांगाडा गारच राहिला. कारण साधारणतः हवा जास्त असणं. एक-दोन पीएसआय कमी करून बघा. उथळ फट, कडा वितळून गुंडाळलेल्या आणि वर निळसर झाक, म्हणजे टायर जास्त तापतोय. तिथे हवा थोडी वाढवायची, कारण कमी हवेतच तो जास्त दुमडत असतो (प्रश्न ५).

खाचांच्या एका बाजूची कड उभी राहिलेली आणि दुसऱ्या बाजूची झिजलेली दिसली तर मात्र टायरला दोष देण्याआधी सस्पेन्शन तपासा. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) तुमच्या वजनाला जुळतोय का, इथून सुरुवात करा. आमच्याकडे येणाऱ्या 'टायर फाटतोय' प्रकरणांतली बरीचशी खरं तर कारखान्यातून जसा आला तसाच ठेवलेल्या शॉकची असतात.

१२. मागच्या टायरच्या कडेला अजून न वापरलेली पट्टी राहते. मित्र हसतात. कमी झुकतोय का मी?

मित्रांना हसू द्या. पट्टी किती राहील हे टायरच्या आकारावर, रिमच्या रुंदीवर आणि तुम्ही शरीर किती बाहेर काढता यावर ठरतं. दोन चांगले रायडर एकाच वेगाने गेले तर जो आत जास्त लटकतो त्याची गाडी कमी झुकते आणि पट्टी जास्त राहते. ती पुसायला म्हणून गाडी झुकवणं हा पडायचा खात्रीचा उपाय आहे.

१३. पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर चालेल का?

चिकट दोरी घुसवून काढलेलं पंक्चर असेल तर नाही. आतून लावलेला मशरूम पॅच त्यापेक्षा कितीतरी भरवशाचा, तरीही सरळ पट्टीवर १६० च्या वेगात त्यावर बसायला आम्ही कोणाला सांगणार नाही. साइडवॉल किंवा खांद्यातलं पंक्चर असेल तर तो टायर रस्त्यावरूनही उतरवा. आत पंक्चररोधक द्रव भरला असेल तर ट्रॅक डेच्या आधी काढून चाक बॅलन्स करून घ्या.

१४. दुपारच्या सेशनमध्ये सकाळपेक्षा गाडी जास्त घसरते. टायर संपला का?

एका दिवसात सहसा संपत नाही. मे महिन्यातल्या दुपारी इरुंगट्टुकोट्टईचं डांबर पन्नाशीच्या पुढे सहज जातं, आणि रस्त्याच्या रबराला ते जास्त होतं. नुसत्या उन्हाने थंड प्रेशर सकाळपेक्षा दोन पीएसआय चढलेलं असतं. प्रत्येक सेशनआधी मोजा. तरीही घसरत असेल तर सलग लॅप कमी करा, मध्ये एक लॅप शांत घ्या. आणि पाणी प्या: दुपारी टायरआधी रायडर थकतो, दोष मात्र टायरला जातो.

१५. पाऊस आला तर?

रस्त्याच्या टायरचा हाच मोठा फायदा. खाचा आहेत, थंड रबर काम करतं. आयोजक परवानगी देत असतील तर जरूर जा, कारण ओल्या ट्रॅकवर थ्रॉटल फार लवकर शिकता येतं. हवा मात्र ट्रॅकसाठी कमी केलेली ठेवू नका, मॅन्युअलच्या आकड्याजवळ आणा. टायर तापणार नाही म्हणजे प्रेशर वाढणार नाही, आणि हवा कमी असली की खाचा दबून पाणी नीट बाहेर पडत नाही. रंगवलेल्या कर्बवर (वळणाच्या कडेच्या पट्ट्यांवर) जाऊ नका. चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस असतो, हे आपल्याकडचे लोक हमखास विसरतात.

१६. गाडी रस्त्यानेच नेऊ की टेम्पोत घालू?

नानोलीला पुण्याहून चालवत जाण्यात अडचण नाही. मुंबईकरांनी लक्षात ठेवायचं की एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या हायवेने जावं लागतं. पुणे-चेन्नई मात्र एका बाजूला जवळपास १२०० किमी. एवढ्या सरळ हायवेवर मऊ टायरचा मधला पट्टा चपटा होतो आणि मग वळणात गाडी त्या कडेवरून गचका देत झुकते. चार जण मिळून टेम्पो केला तर टायरचे पैसे तिथेच वाचतात.

चालवत परतणार असाल तर निघण्याआधी हवा पुन्हा भरा. इथे गफलत झाली तर महागात पडते. ट्रॅकसाठी कमी केलेल्या हवेवर सामान बांधून हायवेला लागलात तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात रिम वाकतो. छोटा १२ व्होल्टचा पंप बॅगेत असू द्या.

१७. रुंद टायर टाकला तर ग्रिप वाढेल ना?

सहसा उलटं होतं. चार इंची रिमसाठी १५० माप बरोबर असताना १६० बसवला तर टायर कडेने दाबला जातो, माथा टोकदार होतो, गाडी जड वळते. ग्रिप रबराने आणि बरोबर प्रेशरने वाढते.

१८. फक्त मागचा बदलला तर चालेल? आणि पुढे साधा, मागे रेडियल?

मागचा आधी झिजतो, त्यामुळे फक्त मागचा बदलणं स्वाभाविक आहे. पुढचा निम्म्याहून चांगला आणि दोन्ही एकाच प्रकारचे असतील तर ठीक. पुढे बायस (म्हणजे साधा) आणि मागे रेडियल ही जोडी कंपनीनेच दिली असेल, जशी आर१५ वर आहे, तर चालते. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी उलटी जोडी स्वतः जमवू नका. मागे अतिचिकट आणि पुढे जुना, कडक टायर हीही वाईट जोडी: मागचा टायर पुढच्याला ढकलत नेतो. पुढचा सुटला की सावरायला वेळ मिळत नाही.

१९. रेसमधून निघालेले स्लिक स्वस्तात मिळतायत. घेऊ?

स्लिक म्हणजे खाचा नसलेले रेसचे टायर. रस्त्यासाठी बेकायदेशीर आणि पावसात निरुपयोगी हे तर झालंच. पण छोट्या गाडीवर ट्रॅकवरही ते सहसा पुरेसे तापत नाहीत, आणि थंड स्लिक चांगल्या रस्त्याच्या टायरपेक्षा वाईट. शिवाय ते किती वेळा तापून गार झालेत हे विकणाराही सांगू शकत नाही. दर वेळी तापून गार होताना रबर थोडं कडक होतं. खोली दिसत असूनही ग्रिप गेलेली असते. हाच नियम तुमच्या स्वतःच्या दोन-तीन मोसम जुन्या टायरलाही लागू आहे: नख रुतत नसेल आणि बारीक भेगा दिसत असतील तर निरोप द्या.

२०. माझी कार आहे. यातलं काय लागू होतं?

थंड-गरम प्रेशरचा हिशेब, गेज, वही, सगळं तसंच. फरक असा की पुढच्या चाकांनी चालणाऱ्या हॅचबॅकमध्ये पुढचे टायर वळणं, ब्रेक आणि इंजिन असं सगळंच ओढतात आणि बाहेरचा खांदा झपाट्याने खातात. तिथे हवा मोटरसायकलसारखी खाली आणू नका, साइडवॉल मुडपून टायर खांद्यावर चालायला लागतो. खांद्यावर खडूने रेघ मारा आणि सेशननंतर ती किती खाली पुसली गेली ते बघा. साइडवॉलवरच्या छोट्या त्रिकोणाच्या खाली गेली असेल तर हवा वाढवा. ट्रेडवेअरचा (टायर किती लवकर झिजेल याचा) आकडा प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते, म्हणून दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. किमान खोली कारसाठी १.६ मिमी. चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीत, चाकं गार झाल्यावर, तपासा.